संगीतकार शोपँ

१८३० सालच्या नोव्हेंबर महिन्याची दुसरी तारीख होती. पोलंडमधील वॉर्सा शहरातून निघालेली एक प्रवासी घोडागाडी शहराच्या वेशीपाशी, वोला या ठिकाणी येऊन थांबली. गाडीत वीस वर्षांचा एक सडपातळ तरुण बसलेला होता. रस्त्याच्या कडेला एक वयोवृद्ध शिक्षक आपल्या काही विद्यार्थ्यांसह त्याची वाट पाहत उभे होते. गाडी थांबताच विद्यार्थ्यांनी गितारच्या साथीवर एक निरोपाचे गीत म्हटले. त्या गीताला चाल त्या शिक्षकांनीच मुद्दाम या प्रसंगासाठी दिली होती. गीत संपले, निरोपाचे दोन शब्द झाले आणि गाडी पुढे निघाली. त्या तरुणाला आपली मायभूमी त्यानंतर कधीच दिसली नाही.

या तरुणाचे नाव फ्रेडरिक शोपँ. निरोप देण्यास आलेले शिक्षक म्हणजे योझेफ एल्स्नर. जगातील थोर संगीतकारांत शोपँची गणना होते, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याने आयुष्यातील जवळजवळ सतरा वर्षे रोज शिकवण्या करून आपला चरितार्थ चालविला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्या चरित्राचा हा भाग आपण विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे.

वॉर्सापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर झेलाझोवा वोला नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १८१० साली शोपँचा जन्म झाला. चर्चमधील नोंदीत २२ फेब्रुवारी ही तारीख आढळते. घरची मंडळी मात्र १ मार्च रोजी त्याचा वाढदिवस साजरा करीत. त्याचे वडील निकोला हे मूळचे फ्रान्समधील लोरेन प्रांताचे. सोळा वर्षांचे असताना ते पोलंडमध्ये आले आणि तेथलेच झाले. पोलिश लोकांनी स्वातंत्र्यासाठी १७९४ साली उठाव केला, तेव्हा हा परदेशी तरुण वॉर्साच्या नागरिक-सेनेत दाखल झाला होता. पुढे त्यांनी युस्तिना नावाच्या पोलिश मुलीशी विवाह केला. स्वतः फ्रेंच भाषेचे शिक्षक असूनही आपली मुले पोलिश म्हणूनच वाढावीत, याविषयी ते दक्ष असत.

त्या काळी पोलंड हा देश नकाशावर उरलेला नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य राज्यांनी १७७२ ते १७९५ या काळात त्याचे तीनदा लचके तोडून तो आपसांत वाटून घेतला होता. १८१५ नंतर वॉर्सा व आसपासचा प्रदेश ‘पोलंडचे राज्य’ या नावाने ओळखला जाई. पण त्याच्या सिंहासनावर रशियाचा झार बसलेला होता. नाव होते, राज्य नव्हते. अशा देशात शोपँचे बालपण गेले.

शोपँ काही महिन्यांचा असतानाच त्याचे कुटुंब वॉर्साला राहावयास गेले. वडील तेथील विद्यालयात शिकवीत. घरी बाहेरगावची काही मुले शिक्षणासाठी राहत. त्यामुळे घर नेहमी गजबजलेले असे. आई पियानो वाजवी, थोरली बहीण लुडविकाही वाजवी. लहानगा फ्रेडरिक ते ऐकत ऐकतच मोठा होऊ लागला.

त्याच्या वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी त्याच्यासाठी झिव्नी नावाचे शिक्षक नेमले. झिव्नी हे साठीला आलेले, बोहेमियातून येऊन वॉर्सात स्थायिक झालेले गृहस्थ होते. त्यांचे स्वतःचे वाद्य व्हायोलिन. पियानोवर त्यांचा हात बेताचाच होता. लवकरच शिष्य गुरूच्या पुढे गेला. दुसरा एखादा शिक्षक असता तर त्याला हे रुचले नसते. झिव्नींनी मात्र मुलाच्या बोटांना आपल्या रीतीत जखडून टाकले नाही. त्यांनी त्याला बाख आणि मोझार्ट यांच्या रचनांची गोडी लावली, आणि तेवढे करून ते बाजूला झाले. ही गोडी शोपँला जन्मभर पुरली. अकरा वर्षांच्या शोपँने १८२१ साली एक पोलोनेज स्वतःच्या हाताने लिहून आपल्या या गुरूंना अर्पण केला. पोलोनेज हे पोलंडमधील एका संथ, रुबाबदार नृत्याचे संगीत होय.

त्याची पहिली रचना छापून निघाली ती १८१७ साली, म्हणजे त्याच्या वयाच्या सातव्या वर्षी. पुढच्याच वर्षी वॉर्सात गरिबांच्या मदतीसाठी झालेल्या जलशात त्याने पियानो वाजविला. लोकांना सर्वांत जास्त काय आवडले, असे घरी परतल्यावर आईने विचारले असता, आपल्या कोटाची नवी पांढरी कॉलर, असे त्याने उत्तर दिले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मुलाच्या कौतुकाने घरातील माणसांचे भान सुटले नाही, एवढे मात्र खरे. त्याला इतर मुलांप्रमाणे शाळेत घालण्यात आले. तेथे तो शिक्षकांच्या हुबेहूब नकला करी आणि त्यांची व्यंगचित्रेही काढी.

१८२४ च्या उन्हाळ्यात तो एका वर्गमित्राच्या शाफार्निया या गावी सुट्टीसाठी गेला. तेथून त्याने घरी नेहमीसारखी पत्रे न पाठविता एक हस्तलिखित वृत्तपत्र पाठविण्यास प्रारंभ केला. वॉर्सातील एका प्रसिद्ध दैनिकाची ती नक्कल होती. संपादकाचे नाव ‘पिशों’. हे त्याने आपल्याच नावातील अक्षरे उलटीसुलटी करून बनविले होते. कोंबड्यांच्या मारामाऱ्यांपासून स्वतःच्या औषधपाण्यापर्यंत सर्व बातम्या त्यात येत. प्रत्येक अंकाखाली तो पाठविण्यास हरकत नसल्याबद्दल परीक्षण-अधिकाऱ्याची सही घेतलेली असे! सही करणारी अर्थात त्या घरातलीच कोणीतरी असे. थट्टा बालिश खरी. परंतु कोणतेही वृत्तपत्र सरकारने तपासल्यावाचून छापता येत नाही, हे चौदा वर्षांच्या मुलालाही पुरते ठाऊक झाले होते, असे त्यावरून दिसते.

याच हस्तलिखितात आणखी एक बातमी आहे. वाटेत एका गावी कुंपणावर बसून एक खेडवळ मुलगी गात होती. शोपँला ते गाणे नीट ऐकावयाचे होते. पण ती पुन्हा म्हणावयास तयार होईना. शेवटी त्याने तीन पैसे देऊ केले, तेव्हा तिने एक छोटासा मझुर्का म्हटला. मझुर्का म्हणजे पोलंडमधील शेतकऱ्यांचे तीन मात्रांचे नृत्यगीत. त्यात पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर अनपेक्षित जोर येतो आणि त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय आपोआप थबकतो. शोपँने पुढे आयुष्यभरात पन्नासाहून अधिक मझुर्के रचले. त्यांची पाळेमुळे वाड्यांतील दिवाणखान्यांत नाहीत. ती अशा कुंपणांपाशी आणि सुगीच्या नाचांत आहेत.

१८२६ साली शोपँ वॉर्साच्या उच्च संगीत विद्यालयात दाखल झाला. एल्स्नर हे त्या विद्यालयाचे प्रमुख होते. ते स्वतः अनेक संगीतिकांचे रचनाकार होते आणि स्वररचनेच्या नियमांची त्यांना सखोल जाण होती. शोपँ नियम शिके आणि लगेच काही मोडीही. इतर शिक्षकांनी याबद्दल कुरकूर केली, तरी एल्स्नर यांनी त्याला आवरले नाही. ज्याची देणगी असामान्य आहे, त्याला नेहमीच्या वाटेने चालावयास लावणे योग्य नव्हे, असे त्यांचे मत होते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर त्यांनी विद्यालयाच्या नोंदवहीत शोपँच्या नावापुढे त्याची विशेष पात्रता आणि त्याची संगीतातील प्रतिभा नमूद केली. नोंद अवघ्या काही शब्दांची आहे.

त्यानंतर शोपँने व्हिएन्नाला दोन जलसे केले. वॉर्साला परतून पियानो व वाद्यवृंद यांसाठी दोन मोठ्या रचना लिहिल्या व त्या स्वतः वाजवून दाखविल्या. त्याच्या शहराला आता त्याला देण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून तो बाहेर पडला. वोला येथील निरोपाचा प्रसंग हा त्या वेळचा.

तो व्हिएन्नास पोचून थोडे दिवस होतात न होतात, तोच २९ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. सोबत आलेला जिवलग मित्र तितुस हा लढ्यात भाग घेण्यासाठी तत्काळ परत फिरला. शोपँची प्रकृती नाजूक. मित्राने त्याला मागेच थांबविले. एका बाजूला घरची माणसे संकटात आहेत आणि आपण मात्र परक्या शहरात जलशांची खटपट करीत आहोत, ही जाणीव त्याला असह्य झाली. पुढच्या वर्षी पॅरिसकडे जात असता तो जर्मनीतील श्टुटगार्ट येथे होता. तेथे सप्टेंबर १८३१ मध्ये त्याला वॉर्सा पडल्याची वार्ता समजली. त्या वेळी त्याने आपल्या वहीत लिहून ठेवलेला मजकूर दुःखाने आणि संतापाने भरलेला आहे. ‘क्रांतीचा एत्यूद’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली त्याची रचना याच काळाशी जोडली जाते. एत्यूद म्हणजे बोटांच्या सरावासाठी केलेली रचना. पण या सरावात डावा हात एखाद्या खवळलेल्या नदीसारखा धावत असतो.

१८३१ च्या शरद ऋतूत तो पॅरिसला पोचला. उठाव मोडल्यानंतर हजारो पोलिश लोक फ्रान्समध्ये आश्रयाला येत होते. शोपँने रशियन वकिलातीत आपल्या परवान्याचे नूतनीकरण केले नाही. त्यामुळे तोही त्या निर्वासितांपैकीच एक ठरला आणि स्वदेशाची वाट बंद झाली. १८३५ साली आईवडील औषधोपचारासाठी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे आले असता तो त्यांना जाऊन भेटला. वडिलांची ही अखेरची भेट. १८४४ साली ते वारले, तेव्हा त्याला जाता आले नाही.

पॅरिसमध्ये त्या वेळी काल्कब्रेनर या पियानोवादकाचा मोठा बोलबाला होता. शोपँचे वादन ऐकून त्याने एक प्रस्ताव मांडला. आपल्यापाशी तीन वर्षे शिक, म्हणजे उत्तम वादक होशील, असे त्याचे म्हणणे होते. अनोळखी शहरातील गरजू तरुणाला हा मोह लहान नव्हता. शोपँने घरी व एल्स्नर यांना लिहून सल्ला विचारला. वृद्ध गुरूंनी हा विचार मुळीच पसंत केला नाही. विद्यार्थ्याला एकाच माणसाच्या अनुकरणात तीन वर्षे कोंडून ठेवू नये, असे त्यांना वाटले. शोपँने नम्रपणे नकार दिला. तरीही त्याने आपली एक मोठी रचना काल्कब्रेनरलाच अर्पण केली आणि स्नेह राखला.

एल्स्नर यांची आणखी एक इच्छा होती. शोपँने पोलंडच्या इतिहासावर एक भव्य संगीतिका रचावी, असे ते वारंवार सुचवीत. गुरूंविषयी पराकाष्ठेचा आदर असूनही शोपँने ती कधीच रचली नाही. त्याने जवळजवळ सर्व काही पियानोसाठीच लिहिले. यात एल्स्नर यांची निराशा झाली असेल. पण ज्याचा त्याने आपला मार्ग शोधावा, हे त्यांनीच तर त्याला शिकविले होते.

फेब्रुवारी १८३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा पहिला जलसा झाला. जाणकारांनी वाखाणणी केली. पण त्यातून पोट भरण्यासारखी प्राप्ती झाली नाही. शिवाय त्याचे वादन अतिशय हळुवार. मोठ्या सभागृहात ते मागच्या रांगांपर्यंत पोचत नसे, आणि गर्दीसमोर बसले की त्याचा जीव गुदमरे. सबंध आयुष्यात त्याने जाहीर जलसे केले ते सुमारे तीस. अखेर शहरातील धनाढ्य कुटुंबांशी त्याची ओळख झाली आणि शिकवण्या मिळू लागल्या. मग मात्र विद्यार्थ्यांची रीघ लागली.

पियानो हे वाद्य दिसावयास पेटीसारखे पट्ट्यांचे असते. पण दोहोंत मोठे अंतर आहे. पेटीचा सूर भात्यातील वाऱ्यावर चालतो. पियानोची पट्टी दाबली की आतील लहानशी हातोडी तारेवर आपटते, सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. बोट पट्टीवर कसे पडले, यावर त्या सुराचे सारे रूप अवलंबून असते. असे हे ठोकून वाजणारे वाद्य गळ्यासारखे गावे, हा शोपँचा ध्यास होता. म्हणून तो विद्यार्थ्यांना इटालियन संगीतिका ऐकावयास पाठवी. गायक श्वास कोठे घेतो, वाक्य कोठे तोडतो, ते ऐका आणि तसे वाजवा, असे तो सांगे.

त्याची शिकविण्याची रीत त्या काळच्या शिक्षकांहून अगदी वेगळी होती. इतर शिक्षक मुलाला प्रथम सर्व पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक वाजवावयास लावीत, कारण ते वाचावयास सोपे. शोपँ म्हणे की, ते वाचावयास सोपे असले तरी हाताला सर्वांत अवघड आहे. आपण आपला पंजा पाहिला तर मधली तीन बोटे लांब आणि अंगठा व करंगळी आखूड दिसतात. पियानोच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या पट्ट्यांपेक्षा उंच असतात. तेव्हा लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली, तर हात कोठेही न ताणता आपोआप स्थिरावतो. शोपँ तेथून प्रारंभ करी, आणि सर्व पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक सर्वांत शेवटी शिकवी.

बोटांविषयीही त्याचे मत असेच स्वतंत्र होते. पाचही बोटांची ताकद सारखी झाली पाहिजे, असा त्या वेळी समज होता. त्यासाठी मुले तासन्‌तास कंटाळवाणे धडे गिरवीत. काल्कब्रेनरने तर मनगट टेकविण्यासाठी पियानोला बसविण्याचा एक दांडाही प्रचारात आणला होता. शोपँला हे सारे निसर्गाविरुद्ध वाटे. प्रत्येक बोटाची घडण निराळी, म्हणून प्रत्येकाचा सूरही निराळा. ते वेगळेपण घासून टाकण्याऐवजी त्याचा उपयोग का करू नये, असे तो विचारी. दिवसाला तीन तासांहून अधिक सराव करण्याची त्याची सक्त मनाई होती. एका विद्यार्थिनीने सहा तास सराव केल्याचे सांगितले, तेव्हा तो रागावला, असे तिच्या आठवणीत आहे.

लयीच्या बाबतीत मात्र तो कठोर होता. डाव्या हाताने लय सांभाळावी, तो वाद्यवृंदाच्या प्रमुखासारखा असला पाहिजे. उजव्या हाताने हवे तर किंचित रेंगाळावे, किंचित पुढे जावे, पण खालचा पाया हलता कामा नये, असे तो बजावी. त्याच्या पियानोवर तालमापक यंत्र नेहमी ठेवलेले असे. ज्याच्या संगीताला लोक स्वप्नाळू म्हणतात, त्याच्या पियानोवरची ही वस्तू ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शिकवणीच्या खोलीत दोन पियानो असत. मोठ्या पियानोवर विद्यार्थी बसे. शेजारच्या लहान पियानोवर शोपँ साथ करी. प्रत्येक शिकवणी पाऊण ते एक तासाची. दिवसाला सुमारे पाच शिकवण्या. वीस फ्रँक ही तिची फी. तेवढ्या पैशासाठी पॅरिसच्या कामकऱ्याला कित्येक दिवस राबावे लागे. तो सहसा सौजन्याने बोले; पण कोणी निष्काळजीपणे वाजविले की त्याचा तोल जाई, आणि काही विद्यार्थिनी डोळे पुसत बाहेर पडत. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत त्याने शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा आजही जतन केलेल्या आहेत. कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवावा, कोठे थांबावे, छापताना राहिलेली चूक कोठे आहे, हे सारे त्यात आहे. एकच जागा दोन विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत कधी कधी दोन तऱ्हांनी लिहिलेली आढळते. हात वेगळा, म्हणून बोटेही वेगळी.

त्याच्या शिष्यांत बहुतेक सरदारांच्या व श्रीमंतांच्या मुली होत्या. त्यांना जाहीर वादन करावयाचे नव्हते. त्यामुळे त्याची विद्या फारशी पसरली नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. याला एक अपवाद होऊ शकला असता. ट्रान्सिल्व्हेनियातून आलेला कार्ल फिल्च हा मुलगा १८४१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याच्याकडे शिकू लागला. शोपँच्या दीडशेच्या आसपास शिष्यांत याच्याइतका गुणी दुसरा कोणी नव्हता. गुरूची एक मोठी रचना त्याने निर्दोष वाजविली, तेव्हा शोपँने त्याला दुकानात नेऊन बेटहोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या संगीतिकेची स्वरलिपी घेऊन दिली, असे सांगतात. हा मुलगा १८४५ साली व्हेनिस येथे वारला. त्याला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

शोपँचे स्वतःचे शरीरही पोखरले जात होते. १८३८–३९ चा हिवाळा त्याने भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर, जॉर्ज सँड या प्रसिद्ध लेखिकेच्या कुटुंबासमवेत काढला. ऊन मिळेल म्हणून गेलेल्यांना पाऊस आणि थंडी मिळाली. त्याला क्षय आहे असे कळताच घरमालकाने त्यांना घराबाहेर काढले. वालदेमोसा येथील एका ओस पडलेल्या मठात त्यांनी आसरा घेतला. पॅरिसहून मागविलेला पियानो जकातीच्या भांडणात कित्येक आठवडे अडकून राहिला. अशा स्थितीत त्याने आपल्या चोवीस ‘प्रेल्यूद’ नावाच्या छोट्या रचना पूर्ण केल्या. त्यापुढील उन्हाळे बहुधा सँड यांच्या नोआं या गावी गेले. तेथे तो नव्या रचना करी आणि हिवाळ्यात पॅरिसला येऊन शिकवी. १८४७ साली या दोघांचा स्नेह तुटला.

१८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. श्रीमंत कुटुंबे शहर सोडून गेली आणि शिकवण्या एका दिवसात बंद पडल्या. जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येच्या आग्रहावरून तो इंग्लंडला गेला. आता त्याला जिनाही चढवत नसे. नोकर उचलून नेई. तशाही अवस्थेत तो लंडनमध्ये शिकवीत होता. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी नृत्याचा समारंभ होता. अंगात ताप असूनही शोपँ तेथे जाऊन वाजविण्यास बसला. शेजारच्या दालनांतून नाचून दमलेले लोक आत येत होते, बाहेर जात होते. फार थोड्यांचे त्याच्याकडे लक्ष होते. जनतेसमोरचे त्याचे हे शेवटचे वादन. अठरा वर्षांपूर्वी वोला येथे मागे राहिलेल्या त्याच्या देशबांधवांसाठी ते झाले.

अखेरच्या आजारात बहीण लुडविका वॉर्साहून पॅरिसला येऊन पोचली. पियानो कसा शिकवावा, याविषयी एक पुस्तक लिहिण्यास त्याने प्रारंभ केला होता. पण त्याची काही पानेच लिहून झाली होती. आपल्या अपुऱ्या रचना जाळून टाकाव्यात, असे त्याने सांगितले. शिकविण्याविषयीची ही पाने मात्र त्याने दोन संगीतकार मित्रांच्या स्वाधीन करण्यास सांगितले. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा देह पॅरिसच्या पेअर-लाशेझ या दफनभूमीत आहे. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे लुडविकाने रशियन पहारेकऱ्यांची नजर चुकवून वॉर्सास नेले, आणि ते तेथील होली क्रॉस चर्चमध्ये ठेवण्यात आले. एल्स्नर त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. शिष्याच्या मागे ते साडेचार वर्षे जगले.

त्याच्या संगीताला राज्यकर्ते पुढेही भीत राहिले. १८६३ च्या उठावात रशियन सैनिकांनी त्याच्या धाकट्या बहिणीच्या घरातील त्याचा पियानो खिडकीतून रस्त्यावर फेकला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंडमध्ये त्याच्या रचना जाहीरपणे वाजविण्यास बंदी घातली आणि १९४० साली वॉर्सातील त्याचा पुतळा तोडला. हृदयही त्यांच्या ताब्यात गेले होते. ते युद्धानंतर, १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, पुन्हा चर्चमध्ये आणण्यात आले. पुतळा १९५८ साली पुन्हा उभा राहिला.

शिकविण्याविषयीचे त्याचे पुस्तक अपुरे राहिले खरे. परंतु कारोल मिकुली नावाच्या शिष्याने गुरू काय सांगतात, हे शिकवणीच्या वेळी नीट टिपून ठेवले होते. पुढे ल्वूव येथील संगीतशाळेचा प्रमुख म्हणून त्याने ते तसेच शिकविले आणि १८७९ साली शोपँच्या रचनांची एक आवृत्ती सिद्ध केली. मिकुलीच्या म्हातारपणी राऊल कोचाल्स्की नावाचा एक लहान मुलगा त्याच्याकडे शिकावयास आला होता. हा मुलगा मोठेपणी पियानोवादक झाला. तोवर ग्रामोफोन निघाला होता. कोचाल्स्कीने वाजविलेल्या शोपँच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्यांत डावा हात लय सांभाळतो आणि उजवा किंचित रेंगाळतो.